दीक्षाभूमीला जाताना पिशवीत मोजे ठेवा

नागपूरच्या मे महिन्यात दीक्षाभूमीच्या स्तूपाबाहेर चपला काढल्या की फरशी तव्यासारखी चटकते. मागच्या वर्षी आमचे पाहुणे अक्षरशः उड्या मारत आत गेले.

१. सकाळी लवकर निघा. आधी तर्री पोहे. तर्री थोडीच मागा, तिखट असते बाप्पा!

२. चपला काढल्याबरोबर जाड सुती मोजे चढवा. आत फोन सायलेंट, बोलणं हळू. समोरून 'जय भीम' आलं तर तसंच उत्तर द्या.

३. ऊन तापलं की मेट्रोने सीताबर्डी, झीरो माइल.

एक सांभाळा: १९५६ साली बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली ती इथेच, म्हणून दसऱ्याला लाखो लोक येतात. तेव्हा निव्वळ फोटोसाठी जाऊ नका.