छोट्या व्यवसायासाठी क्लाउड स्टोरेज कसं निवडावं

क्लाउड स्टोरेज (म्हणजे आपल्या फाइली इंटरनेटवरून दुसऱ्या कंपनीच्या संगणकांवर ठेवण्याची सेवा) घ्यायचं ठरलं की पहिला प्रश्न निघतो तो जागेचा. किती जीबी मिळणार आणि केवढ्याला? जाहिरातीही हेच दोन आकडे मोठ्या अक्षरांत छापतात. खरं तर जागा आता सगळ्यांकडेच मिळते. सेवांमधला फरक कळतो तो फाइल परत हवी असते तेव्हा. चुकून पुसलेलं कोटेशन किती दिवसांपर्यंत परत मिळेल? काम सोडून गेलेल्या माणसाच्या फाइल कोणाच्या ताब्यात राहतील? उद्या ही सेवाच सोडायची ठरली तर सगळं बाहेर कसं काढायचं? निवड या तीन प्रश्नांवर करावी, जागेचं नंतर बघता येतं.

पायरी १: आपल्याकडे काय आहे ते मोजा

सगळे संगणक, मोबाइल, पेन ड्राइव्ह आणि बाहेरच्या हार्ड डिस्क यांच्यावर एकदा नजर टाका. फाइलींचे ढोबळ तीन गट पाडा: रोज उघडल्या जाणाऱ्या, क्वचित लागणाऱ्या पण ठेवाव्याच लागणाऱ्या, आणि आकाराने अवाढव्य. बिलं आणि एक्सेलच्या शीट पहिल्या गटात, जुने हिशेब आणि करार दुसऱ्यात, व्हिडिओ आणि मूळ डिझाइन तिसऱ्यात. हे करताना एकाच फाइलच्या ‘फायनल’, ‘फायनल २’ आणि ‘खरंच फायनल’ अशा प्रती सापडतीलच. त्या आत्ताच निकालात काढा, नाहीतर त्यांचंही भाडं दर महिन्याला भराल.

मग इंटरनेटचा अपलोडचा वेग तपासा. कंपन्या मिरवतात तो डाउनलोडचा वेग असतो आणि अपलोडचा बऱ्याचदा त्याहून खूप कमी भरतो. शिवाय वेग मेगाबिटमध्ये सांगतात आणि फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये, म्हणजे आठने भागावं लागतं. ५०० जीबी डेटा २० एमबीपीएसच्या (सेकंदाला २० मेगाबिट) अपलोडवर चढवायला, लाइन अखंड चालली तरी, सुमारे ५५ तास लागतात.

पायरी २: नेमकी कोणत्या प्रकारची सेवा हवी ते ठरवा

‘क्लाउड स्टोरेज’ या एकाच नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. पहिली सिंक आणि शेअरिंगची: गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स. एका संगणकावर फाइल बदलली की सगळीकडे बदलते आणि चौघांना एकाच शीटवर काम करता येतं. दुसरी बॅकअपची: ती मागच्या मागे संगणकाची प्रत काढत राहते, रोजच्या कामात तिचा हात लागत नाही. तिसरी ऑब्जेक्ट स्टोरेजची, म्हणजे मोठ्या प्रमाणावर फाइली नुसत्या साठवून ठेवण्याचं कोठार. २००६ साली आलेली ॲमेझॉनची एस३ ही तिची सर्वांत माहितीतली सेवा. बॅकब्लेझ बी२ आणि वसाबीही याच वर्गातल्या. इथे जागा वापरू तसे पैसे, पण हाताळायला थोडंफार तांत्रिक ज्ञान असलेला माणूस किंवा जोडीला वेगळं सॉफ्टवेअर लागतं. बहुतेक छोट्या कार्यालयांना पहिल्या प्रकारापासून सुरुवात करणं सोपं जातं. तिसऱ्याच्या वाटेला मोठा डेटा असल्याशिवाय जाऊ नये.

सगळ्यात महागडा गैरसमज इथेच होतो. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. सिंकचं कामच मुळी बदल सगळीकडे पोचवणं हे आहे, आणि पुसणं हाही एक बदलच. कोणी फोल्डर उडवला तर तो सगळ्यांच्या संगणकावरून उडतो. रॅन्समवेअरने (फाइलींना कुलूप घालून खंडणी मागणाऱ्या घातक सॉफ्टवेअरने) एका संगणकावरच्या फाइलींना कुलूप घातलं तर त्या कुलूपबंद फाइली इमानेइतबारे क्लाउडवरही चढतात. जुन्या आवृत्त्या शिल्लक असतील तर वाचाल, त्याची मुदत पायरी ४ मध्ये पाहू.

हिशेबाच्या सॉफ्टवेअरचंही एक पथ्य आहे. त्याचा चालू डेटा, किंवा कोणत्याही डेटाबेसची उघडी फाइल, सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवू नका. दोन ठिकाणांहून एकाच वेळी लिहिलं गेलं की फाइल बिघडते किंवा तिच्या दोन परस्परविरोधी प्रती तयार होतात. त्यापेक्षा सॉफ्टवेअरमधूनच बॅकअप घ्यावा आणि ती बॅकअपची फाइल क्लाउडवर टाकावी.

पायरी ३: फाइलींचा मालक कोण, हे आधी मिटवा

फुकटची खाती मोहात पाडतात. गूगल १५ जीबी देतं (त्यात जीमेल आणि फोटोही धरलेले), वनड्राइव्ह ५ आणि ड्रॉपबॉक्स २. चाचणीला ती ठीक आहेत, व्यवसायाला नाहीत, आणि त्याचं कारण जागा कमी पडते हे नव्हे. वैयक्तिक खातं त्या व्यक्तीचं असतं. माणूस नोकरी सोडून गेला की त्याच्या खात्यावरच्या फाइलींवर तुमचा हक्क सांगायला तुमच्याकडे बटणच नसतं.

म्हणून व्यवसायाची योजना घ्या आणि त्यातही खोलात जाऊन पाहा. गूगल वर्कस्पेसमध्ये (गूगलची व्यवसायासाठीची पैशांची सेवा) ‘माय ड्राइव्ह’मधली फाइल ज्याने तयार केली त्याच्या मालकीची राहते, ‘शेअर्ड ड्राइव्ह’मधली मात्र संस्थेची. ही सोय तुम्ही घेणार त्या योजनेत आहे का, ते आधी पाहा. स्वस्तातली योजना इथे अंगाशी येऊ शकते. मायक्रोसॉफ्टकडे हेच काम शेअरपॉइंट या सेवेच्या सामायिक लायब्ररीत (सगळ्यांच्या फोल्डरमध्ये) होतं. वनड्राइव्ह ही प्रत्येकाची खासगी जागा समजावी.

कर्मचाऱ्याचं खातं काढून टाकण्याची घाईही नडते. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये (मायक्रोसॉफ्टची व्यवसायासाठीची सेवा) खातं पुसल्यावर त्याचं वनड्राइव्ह, सेटिंग बदललेलं नसेल तर, ३० दिवस राहतं. गूगल वर्कस्पेसमध्ये पुसलेलं खातं २० दिवसांच्या आत परत आणता येतं. माणूस गेला त्या दिवशी पासवर्ड बदलून प्रवेश बंद करा. खातं मात्र फाइली दुसऱ्याच्या नावावर केल्यानंतरच काढा.

अ‍ॅडमिनचं खातं (ज्यावरून बाकी सगळ्यांची खाती आणि परवानग्या सांभाळल्या जातात) एकाच माणसाकडे नसावं. दोघांकडे असावं आणि त्यातला एक तरी मालक असावा. संगणक दुरुस्त करायला येणाऱ्या ओळखीच्या माणसाच्या ईमेलवर सगळं चालू करून घेणं सोयीचं वाटतं खरं, पण पुढे त्याच्याशी बिनसलं की किल्ल्या त्याच्याच खिशात राहतात.

पायरी ४: फाइल परत मिळण्याची मुदत विचारा आणि करून पाहा

गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमधली फाइल ३० दिवसांनी जाते. वर्कस्पेसच्या अ‍ॅडमिनला ती त्यानंतर आणखी २५ दिवसांपर्यंत परत आणता येते. व्यवसायाच्या वनड्राइव्ह आणि शेअरपॉइंटमध्ये सर्वसाधारण मुदत ९३ दिवसांची आहे. ड्रॉपबॉक्सच्या साध्या वैयक्तिक योजनांत ३० दिवस, तर टीमच्या योजनांत १८० किंवा त्याहून जास्त. मुदती योजनेनुसार बदलतात, म्हणून तुम्ही घेणार त्याच योजनेचं पान वाचा.

आपल्या धंद्याला किती दिवस पुरतील? वर्षातून एकदाच उघडली जाणारी फाइल पुसली गेली तर ते पुढच्या वर्षी कळतं. तिथे ९३ दिवसही कमीच. अशा फाइलींसाठी वेगळा बॅकअप लागतोच.

चाचणीच्या काळात मुद्दाम एक फोल्डर पुसा आणि परत आणा. एका शीटमध्ये बदल करून मागच्या आवृत्तीवर जा. हे कार्यालयातल्या सर्वांत कमी तांत्रिक माणसाला जमलं तर सेवा पास. मदतीच्या विभागालाही याच काळात एखादा प्रश्न पाठवून बघा, उत्तर माणूस देतो की नुसता बॉट, हे कळेल.

पायरी ५: सुरक्षिततेचे दावे वेगळे करून वाचा

‘बँकेसारखी सुरक्षितता’ यात काहीच कळत नाही. वाटेत आणि साठवलेल्या जागी डेटा एन्क्रिप्ट करणं (किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा करणं) आता सगळ्याच प्रतिष्ठित सेवा करतात, तेव्हा त्यावरून निवड होत नाही. वेगळेपणा एंड-टू-एंड एन्क्रिप्शनचा, म्हणजे किल्ली फक्त तुमच्याकडेच असण्याचा. प्रोटॉन ड्राइव्ह किंवा ट्रेसोरिटमध्ये कंपनीलाही फाइल वाचता येत नाही. त्याची किंमत अशी की पासवर्ड आणि रिकव्हरीची सोय दोन्ही हरवली तर कंपनीही फाइल उघडून देऊ शकत नाही. ग्राहकांची वैद्यकीय किंवा कायदेशीर कागदपत्रं सांभाळत असाल तर हा सौदा परवडतो. डेटा कोणत्या देशात साठवला जावा याचं बंधन तुमच्या व्यवसायाला आहे का, तेही अशा कामात आधी विचारून घ्या.

बाकी धोका आपल्याच बाजूला जास्त. टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डशिवाय फोनवरच्या कोडसारखी दुसरी खात्री) सर्वांना सक्तीचं करता येतं का आणि ‘लिंक असलेला कोणीही’ हे शेअरिंग अ‍ॅडमिनला बंद करता येतं का, एवढं पाहा. लिंकला मुदत घालता आली तर उत्तम.

पायरी ६: बिल तीन वर्षांचं मांडा

सिंकच्या सेवा माणशी आकारतात, म्हणून माणसं वाढली की बिल वाढतं, फाइली असोत वा नसोत. ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये साठवणं स्वस्त आणि बाहेर काढणं महाग असा प्रकार असू शकतो. काही योजनांत किमान मुदतही असते: एस३च्या ग्लेशियर डीप आर्काइव्हमध्ये ठेवलेली फाइल दुसऱ्याच दिवशी पुसली तरी १८० दिवसांचे पैसे लागतात, आणि ती उघडण्याजोगी व्हायला काही तास जातात. पहिल्या वर्षाची सवलत संपल्यावरचा दर विचारा. वार्षिक करार चाचणी झाल्यावरच करा.

पायरी ७: दुसरी प्रत दुसरीकडे ठेवा

१० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथे ओव्हीएच या क्लाउड कंपनीच्या डेटा सेंटरला (सर्व्हर ठेवण्याच्या ठिकाणाला) आग लागली आणि एक अख्खी इमारत खाक झाली. ज्यांचा बॅकअपही तिथेच होता, त्यांच्यापैकी काहींचा डेटा कायमचा गेला. मे २०२४ मध्ये युनिसुपर या ऑस्ट्रेलियातल्या पेन्शन फंडाचं गूगल क्लाउडवरचं खासगी क्लाउड, गूगलकडूनच झालेल्या सेटिंगच्या चुकीमुळे, पुसलं गेलं. त्यांनी दुसऱ्या कंपनीकडेही बॅकअप ठेवला होता, तरी सेवा पूर्ववत व्हायला आठवड्याहून जास्त वेळ लागला.

त्यामुळे ३-२-१ हा जुना नियम छोट्यांनीही पाळावा: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. क्लाउडवर एक, संगणकावर एक, आणि आठवड्यातून एकदा जोडून लगेच काढून ठेवायची हार्ड डिस्क. ती कायम जोडलेली ठेवली तर रॅन्समवेअर तिच्यापर्यंतही पोचतं.

पायरी ८: आधी बाहेर पडून बघा, मग आत जा

पैसे भरण्यापूर्वी चाचणीच्या खात्यावर काही जीबी फाइली चढवा आणि सगळ्या एकदम डाउनलोड करा. फोल्डरची रचना आणि नावं तशीच राहिली का, ते तपासा. गूगल डॉक्स किंवा शीट्स बाहेर काढताना वर्ड-एक्सेलमध्ये बदलतात, त्यात गुंतागुंतीची सूत्रं कधी कधी विस्कटतात. खातं बंद केल्यावर डेटा किती दिवस ठेवतात, हे लेखी विचारा.

पटलं की आधी एकाच विभागाच्या फाइली न्या, दोन-तीन आठवडे वापरा, मग बाकीच्या. जुन्या डिस्क लगेच पुसू नका. महिन्याअखेरचा हिशेब निदान एकदा तरी नव्या जागेवरून पूर्ण होऊ द्या.