जुन्या गाडीचं छताचं अस्तर : गोंद सर्वांत शेवटी

जुन्या फोक्सवॅगन बीटलचं अस्तर छताला चिकटवलेलं नसतं. ते पोलादी कमानींवर ताणलेलं असतं आणि गोंद लागतो फक्त कडांना. त्यामुळे सगळं कसब ताणण्यात आहे.

जुनं अस्तर उतरवताना प्रत्येक कमानीला चिकटपट्टी लावून पुढून मागे क्रमांक टाका. कमानींची लांबी आणि वाक वेगवेगळा असतो. अदलाबदल झाली की सुरकुत्या हटत नाहीत. पुढची आणि मागची काचही काढाच. कापड काचेच्या रबराखाली दुमडलं जातं, आणि काच न काढता ते बसवण्याची घाई मला अजिबात पटत नाही.

नवं अस्तर तासभर उन्हात पसरा, रेक्झिन मऊ पडतं. छताच्या दिव्याची वायर आधीच ओढून ठेवा. मग कमानी अस्तरामागच्या शिवलेल्या नळ्यांत ओवून अडकवा, पुढच्या व मागच्या कडेची मध्यरेषा जुळवा आणि कागद धरायच्या चिमट्यांनी कापड धरून ठेवा. आधी पुढे-मागे ताणा, नंतर बाजूंना. कमानीच्या टोकाशी आडवी चुणी राहिलीच, तर तिथली शिवलेली नळी थोडी थोडी, बोटभरच कापत जा. इथे संयम हवा, जास्त कापलेलं परत जोडता येत नाही.

सगळं तणावात बसल्यावरच एकेक चिमटा काढून कॉन्टॅक्ट अ‍ॅडहेसिव्ह हा गोंद लावा: कापडाला आणि पत्र्याच्या कडेला, दोन्हीकडे, आणि बोटाला चिकटेनासं झाल्यावरच दाबा. गाडीची दारं उघडी ठेवा, वाफ डोक्यात जाते. उरलेल्या बारीक सुरकुत्यांवर हेअर ड्रायर दुरूनच फिरवा.