नेपाळी माणसाला पहिल्यांदा भेटताना: ‘नमस्ते’च्या पुढचे शब्द

काठमांडूला, पोखऱ्याला, दार्जिलिंगला किंवा सिक्कीमला जाणाऱ्या मराठी माणसाला ‘नमस्ते’ हा शब्द शिकवावा लागत नाही आणि लिपी देवनागरीच असल्यामुळे तेथील पाट्याही वाचता येतात. नेपाळी ही भारताचीही भाषा आहे. १९९२ साली ७१व्या घटनादुरुस्तीने कोकणी आणि मणिपुरीबरोबर तिला आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले. या जवळिकीमुळे आपण हिंदीवर वेळ भागवून नेतो. परंतु समोरच्याच्या भाषेतली चार वाक्ये नीट बोलता आली तर भेटीचा सूरच बदलतो. त्यासाठी एक गोष्ट आधी समजून घ्यावी: नेपाळीत आदर अभिवादनाच्या शब्दापेक्षा त्यानंतरच्या सर्वनामात, क्रियापदात आणि नात्याच्या हाकेत अधिक असतो.

सुरुवात दोन्ही हात छातीशी जोडून ‘नमस्ते’ने करावी, तो दिवसाच्या कोणत्याही वेळी चालतो. वडीलधाऱ्यांना किंवा अधिकाराच्या व्यक्तीला ‘नमस्कार’ म्हणणे अधिक औपचारिक ठरते. वयाने लहान असलेल्याने आधी हात जोडावेत, ही आपल्याकडचीच रीत तेथेही आहे. हस्तांदोलन पुरुषांमध्ये होते, पण अनोळखी स्त्रीला भेटताना हात जोडणेच योग्य. पाया पडण्याची घाई मात्र करू नये, कारण कोणी कोणाला ‘ढोग’ द्यायचा, म्हणजे कोणी कोणाच्या पाया पडायचे, हे प्रत्येक समाजात नात्यावरून ठरते. अनेक बाहुन-छेत्री (ब्राह्मण-क्षत्रिय) घरांत तर मामाच भाच्यांच्या पाया पडतो.

मराठी माणूस हमखास अडखळतो तो यापुढे. नेपाळीतला ‘तिमी’ कानाला आपल्या ‘तुम्ही’सारखा लागतो आणि आपण तो निर्धास्तपणे वापरतो. प्रत्यक्षात ‘तिमी’ मित्रांसाठी, धाकट्यांसाठी असतो, म्हणजे तो आपल्या ‘तू’च्या जवळचा आहे. त्याहून खालचा ‘तँ’ फार जवळच्यांत किंवा भांडणात येतो, तेव्हा तो आपण उच्चारूच नये. नव्या माणसासाठी ‘तपाईं’ हाच शब्द पक्का धरावा आणि त्याच्याबरोबर येणारे ‘हुनुहुन्छ’ (आहात) हे आदराचे रूपही पाठ करावे. ‘तपाईं’ म्हणून पुढे क्रियापद ‘तिमी’चे लावले की आदर अर्ध्यावर सांडतो. ‘हजुर’ हा शब्द तर पावलोपावली लागतो: कोणी हाक मारली तर उत्तर म्हणून, होकारासाठी, आणि नीट ऐकू आले नाही तर प्रश्नार्थक सुरात ‘हजुर?’ असा.

नात्याच्या हाकांतही असेच फसवे शब्द आहेत. ‘दाइ’ म्हणजे थोरला भाऊ. आपल्या ‘दाई’शी त्याचा संबंध नाही. ‘दिदी’ थोरली बहीण, ‘भाइ’ धाकटा भाऊ आणि ‘बहिनी’ धाकटी बहीण. हिंदीच्या सवयीने आपण कोणत्याही पुरुषाला ‘भाई’ म्हणतो, पण नेपाळीत वयाने मोठ्या माणसाला ‘भाइ’ म्हटले तर त्याला धाकटे ठरवल्यासारखे होते. वयाचा अंदाज येत नसेल तर ‘दाइ’ किंवा ‘दिदी’ म्हणावे. आईवडिलांच्या वयाच्या माणसांना ‘आमा’ आणि ‘बुवा’ चालते. दुकानदाराला ‘साहुजी’, दुकानदारीणबाईंना ‘साहुनी’ आणि गाडी चालवणाऱ्याला ‘गुरुजी’ म्हणतात. येथे एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत रखवालीचे काम करणाऱ्या नेपाळी माणसाला त्याचे नाव न विचारता ‘बहादूर’ म्हणण्याची सवय आपण सोडली पाहिजे. ‘दाइ’ म्हणून नाव विचारायला क्षणभरही लागत नाही.

नाव विचारण्यासाठी ‘तपाईंको नाम के हो?’ हे सरळ वाक्य आहे. त्याहून सौम्य रूप म्हणजे ‘तपाईंको शुभनाम के पर्‍यो?’ आणि त्याच धर्तीवर ‘घर कहाँ पर्‍यो?’ म्हणजे आपले गाव कोणते. उत्तर देताना ‘मेरो नाम स्वाती हो, मेरो घर पुणेमा छ’ असे म्हणावे आणि पुढे ‘तपाईंलाई भेटेर खुसी लाग्यो’ असे जोडावे. खुशाली ‘सञ्चै हुनुहुन्छ?’ किंवा ‘आरामै हुनुहुन्छ?’ अशी विचारतात. त्यावर ‘सञ्चै छु, तपाईं नि?’ असे उत्तर द्यावे. शेवटचे ‘तपाईं नि?’ म्हणजे आपले ‘आणि तुम्ही?’. कोणी ‘खाना खानुभयो?’ असे विचारले तर ते जेवायचे आमंत्रण समजू नये. आपल्या ‘जेवलात का?’सारखीच ती विचारपूस असते, म्हणून ‘खाएँ, तपाईंले नि?’ एवढे पुरे. समोरची व्यक्ती भराभर बोलू लागली तर ‘म अलि अलि नेपाली बोल्छु, बिस्तारै भन्नुहोस् न’, म्हणजे मला थोडेथोडेच नेपाळी येते, सावकाश सांगा ना, अशी विनंती करावी.

उच्चारात मराठी माणसाला एक देणगी आयतीच आहे. नेपाळीतले च आणि ज आपल्या ‘चाक’ आणि ‘जाळे’ या शब्दांतल्या च-ज सारखे दातांजवळून येतात. असाच च ‘चिया’ म्हणजे चहा या शब्दात येतो. पण आपण इकारापूर्वी च नेहमी तालव्य करतो, म्हणून तेथे जाणीवपूर्वक ‘चाक’मधला च आणावा. ‘छ’ही तिथूनच, हकार मिसळून. ‘श’ बोलण्यात बहुधा ‘स’ होतो, तेव्हा ‘शुभनाम’ हे ‘सुभनाम’ ऐकू आले तरी गोंधळू नये.

काही देताना किंवा घेताना उजवा हात पुढे करून डाव्या हाताने उजव्या कोपराला स्पर्श करणे हे आदराचे लक्षण मानतात. दुकानात पैसे देतानाही हे करून पाहावे.

नेपाळी ही सर्वांचीच मातृभाषा नाही, हेही ध्यानात असावे. २०२१च्या जनगणनेत नेपाळमध्ये १२४ मातृभाषा नोंदल्या गेल्या आणि नेपाळी मातृभाषा सांगणारे सुमारे ४५ टक्केच होते. नेवार माणसाला ‘ज्वजलपा’, तामाङ माणसाला ‘फ्याफुल्ला’, लिंबूला ‘सेवारो’ किंवा शेर्पाला ‘टाशी देलेक’ असे अभिवादन केले तर त्याला आपलेपणा वाटतो. मात्र आडनावावरून अंदाज बांधू नये. ओळख सांगितली गेल्यावरच हे शब्द वापरावेत.

निरोप घेताना पुन्हा हात जोडून ‘ल, नमस्ते’ किंवा ‘फेरि भेटौँला’ (पुन्हा भेटू) म्हणावे. निघणारा दुसरा असेल तर ‘राम्रोसँग जानुहोस्’ म्हणतात, म्हणजे सांभाळून जा.