द्राक्षं घालून रोस्ट चिकन करताय? मग आधी या चुका टाळा

जानेवारी आला की नाशकात दोन गोष्टी बरोबर जमून येतात, मार्गशीर्ष आटोपल्यामुळे घराघरात चिकन-मटण परत सुरू झालेलं असतं आणि निफाड-दिंडोरीकडची द्राक्षं रस्त्याकडेला क्रेटनं दिसायला लागतात. वर थंडी. त्यामुळे ज्याच्याकडे ओटीजी (घरगुती छोटा इलेक्ट्रिक ओव्हन) आहे त्याला कधी ना कधी वाटतंच की एका ट्रेमध्ये चिकन आणि द्राक्षं टाकून मस्त रोस्ट करावं, आणि मग ट्रे बाहेर काढल्यावर दिसतं काय, तर पांढरंफटक चिकन गोडसर पाण्यात पोहतंय आणि द्राक्षांचा झालाय जॅम.

"चिकनमध्ये फळ कोण घालतं" म्हणणाऱ्यांसाठी एवढंच, पारशी लोक जर्दाळू घालून चिकन करतात, इटलीत सॉसेज आणि द्राक्षं एकत्र भाजतात, फ्रान्समध्ये बदक आणि संत्रं ही जुनी जोडी आहे. आपल्याकडे तर द्राक्षं दारात पिकतात. प्रॉब्लेम फळाचा नसतो, प्रॉब्लेम पाण्याचा आणि वेळेचा असतो.

साधी रेसिपी अशी: एक किलो अख्खे लेग पीस, दोन-तीन कांदे मोठे चिरून, लसणाची एक गड्डी, दोन छोटे चमचे मीठ, भरपूर मिरी, दोन-तीन चमचे तेल आणि दोन वाट्या द्राक्षं. ओव्हन २०० अंशावर, एकूण ४० ते ४५ मिनिटं, आणि द्राक्षं शेवटच्या १५ मिनिटांतच. बस. आता यात कुठं कुठं माती होते ते बघू.

पहिली चूक दुकानातच होते. आपण सवयीनं "एक किलो करी कट" म्हणतो आणि चिकनवाला सवयीनं स्किन काढून बारीक तुकडे करून देतो. रश्श्याला ते बरोबर आहे, रोस्टला नाही. तुकडे बारीक असले की वरून रंग यायच्या आधीच आतून कोरडे पडतात, आणि स्किन नसली की वरून वाचवायला काहीच राहत नाही. सरळ सांगा, अख्खे लेग पाहिजेत, विथ स्किन, पिसं नीट काढून. काही दुकानदार विचित्र बघतात, बघू द्या. स्किन नकोच असेल तर तेल थोडं जास्त लावा, पण मग कुरकुरीतपणाची अपेक्षा ठेवू नका. आणि बोनलेस ब्रेस्टवर ४५ मिनिटांचा टाइम लावू नका हो, ते १८-२० मिनिटांत होतं, त्यानंतर नुसता चोथा.

मटणाचा हट्ट असेल तर वेगळा मार्ग. बोकडाच्या मांडीत चिवट भाग जास्त असतो, तो मऊ व्हायला ओलावा आणि भरपूर वेळ लागतो, पाऊण तासाच्या रोस्टमध्ये ते काही होत नाही. आधी कुकरला मीठ-आलं-लसूण लावून शिजवून घ्या, पाणी बाजूला काढा, पीस कोरडे करा आणि मग ओव्हनला २० मिनिटं द्राक्षांबरोबर. गावरान कोंबडीलाही हाच न्याय.

आता पाणी. सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात म्हणून जरा सविस्तर सांगते. रोस्ट म्हणजे कोरड्या आचेवर भाजणं. चिकनच्या वर जोवर पाणी आहे तोवर तिथलं तापमान १०० अंशाच्या पुढं सरकत नाही, आणि तो खरपूस ब्राऊन रंग आणि वास यायला साधारण १४० च्या पुढं जावं लागतं. म्हणजे पाणी उडेपर्यंत तुमचा ओव्हन नुसता मोदकपात्रासारखा वाफ काढत बसतो. आणि हे पाणी येतं कुठून तर चहूकडून, चिकन धुतलं आणि तसंच ट्रेमध्ये टाकलं, फ्रीझरमधलं चिकन अर्धवट गार असताना लावलं, दह्याचं जाड मॅरिनेशन थापलं, द्राक्षं धुऊन ओली टाकली, त्यात कुणीतरी टोमॅटो पण चिरून घातला, आणि वर "कोरडं पडायला नको" म्हणून फॉइल झाकलं. एवढं केल्यावर रस्साच होणार ना.

धुण्याबद्दल आधी बोलू, कारण यावर घरात वाद होतात. चिकन नळाखाली धुतल्यानं जंतू जात नाहीत, उलट शिंतोड्यांबरोबर सिंकभर, ओट्यावर आणि शेजारच्या कोथिंबिरीवर पसरतात. जंतू मरतात ते उष्णतेनं. पण "न धुता शिजवलेलं मी खाणार नाही" असं घरातलं मोठं माणूस म्हणालं तर वाद घालू नका, एका पातेल्यात पाणी घेऊन हळू बुडवून काढा, नंतर सिंक आणि हात साबणानं धुवा, आणि चिकन टिश्यूनं अगदी खरं-खरं कोरडं करा. दोन-तीन टिश्यू नाही, हात लावल्यावर चिकट लागेल पण ओलं लागणार नाही इतकं.

मीठ ऐनवेळी लावणं ही पण चूकच. मीठ आधी लावलं की सुरुवातीला पाणी सुटतं, मग तेच खारं पाणी परत आत जिरतं आणि मांस आतपर्यंत चवदार होतं, वरची स्किनही वाळते. रात्री लावून फ्रिजमध्ये ठेवता आलं तर उत्तम, नाहीतर निदान दोन तास. फ्रिजमध्ये सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवा, म्हणजे काही गळलं तर भाजीवर किंवा दुधावर पडणार नाही. ज्या घरात फ्रिज अर्धा शाकाहारी असतो तिथं हा मुद्दा चवीपेक्षा महत्त्वाचा ठरतो हे मला माहितीये, तर वर एक थाळी हलकी झाकून ठेवा, चालतं.

ट्रे गच्च भरणं. एक किलोला एक मोठा ट्रे लागतो, छोट्या ओटीजीचा ट्रे असेल तर सरळ दोन वेळा लावा. पीसमध्ये बोटभर अंतर पाहिजे, नाहीतर एकाची वाफ दुसऱ्याला. पाहुणे आठ आणि ओटीजी वीस लिटरचा असेल तर त्या दिवशी बिर्याणी करा ना, रोस्ट कशाला.

द्राक्षं कधी टाकायची हा खरा कळीचा भाग. चिकनबरोबरच टाकली तर ४५ मिनिटांत ती फुटतात, रस ट्रेमध्ये पसरतो, साखर असल्यामुळे कडेला काळी जळते आणि कडू लागते, आणि मधोमध चिकन त्या रसात उकडतं. म्हणजे एकाच ट्रेमध्ये जळलेलं पण आणि उकडलेलं पण. म्हणून आधी चिकन, कांदा आणि लसूण २५ ते ३० मिनिटं, मग ट्रे बाहेर काढून द्राक्षं पीसच्या मधल्या जागेत सोडायची, चिकनच्या अंगावर नाही. थोडी फुटलेली, थोडी सुरकुतलेली, थोडी अजून टपोरी, अशी झाली की बरोबर.

द्राक्षं घेताना एक्स्पोर्टचा देखणा घड घ्यायची काही गरज नाही, घडातून सुटलेले मणी स्वस्तात मिळतात तेच घ्या, फक्त मऊ पडलेले आणि आंबूस वासाचे निवडून काढा. सटाणा-बागलाण बाजूची अर्ली द्राक्षं सीझनच्या आधी बाजारात येतात, ती कधी कधी आंबट निघतात, रोस्टला तशी थोडी आंबट उलट छान. गोड थॉमसन किंवा सोनाका असेल तर लिंबू हाताशी ठेवा. काळी शरद घेतली तर रस मस्त जांभळट होतो. बी असलेली मात्र घेऊ नका, खाताना दाताखाली बी आली की माणूस वैतागतो. मण्यांवरची पांढरट लव बघून "केवढी पावडर" म्हणून लोक घाबरतात, ती लव म्हणजे द्राक्षाचं स्वतःचं मेण असतं. पण बागेत फवारण्या होतातच, त्यामुळे वाहत्या पाण्याखाली चोळून धुवायची ती धुवायचीच. आणि मग कापडावर पसरून वाळवायची, हे लोक विसरतात.

वरून मध किंवा साखर घालू नका. द्राक्षात साखर भरपूर असते, बागायतदार तर तोडणीआधी ब्रिक्स (म्हणजे रसातली गोडी) मोजतात, त्यात मध ओतला की चिकनचं मिष्टान्न होतं. उलट तिखट वाढवा, मिरी, दोन हिरव्या मिरच्या चिरून, हवा तर चिमूटभर काळा मसाला तेलात कालवून. कोरडा मसाला नुसता भुरभुरवला तर २०० अंशावर जळतो. लसूणही सोलून ठेचून टाकू नका, पाकळ्या सालासकट टाका, आतून लोण्यासारख्या होतात आणि पावाला फासून खाता येतात.

दुसरं फळ वापरणार असाल तर प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. सफरचंद, नाशपाती, कडक पेरू (बिया काढून) हे जरा दमाचे, २५-३० मिनिटं सहन करतात. डाळिंब, आपलं सटाणा-मालेगावचं भगवा, ओव्हनमध्ये घालूच नका, दाणे आक्रसतात आणि नुसतं बीच चावत बसावं लागतं, ते वाढताना वरून टाका. सापुतारा रोडला सुरगाण्याची स्ट्रॉबेरी मिळते म्हणून ती टाकून बघायचा मोह होतो, दहा मिनिटांत चिखल होतो. संत्र्याची फोड टाकायची तर पांढरी साल पूर्ण काढून, नाहीतर कडवटपणा सगळ्या ट्रेला लागतो. ताजं अननस, कच्ची पपई, किवी यांच्यात मांस विरघळवणारे एन्झाइम असतात, ते रात्रभर लावून ठेवलं तर सकाळी हातात लगदा येईल. अननस घालायचंच तर द्राक्षांसारखं शेवटी, नाहीतर डब्यातलं वापरा, ते आधीच गरम केलेलं असल्यामुळे त्याचा तो गुण मेलेला असतो.

ओटीजीच्या बाबतीत लोक काय करतात की चिकन आत ठेवून मग बटण फिरवतात. प्रीहीट करा, १५ मिनिटं तरी, वरचा आणि खालचा दोन्ही रॉड चालू. डायलवर २०० लिहिलंय म्हणजे आत २०० आहेच असं नाही, त्यामुळे नेहमी सगळं कच्चं राहत असेल किंवा नेहमी जळत असेल तर आत ठेवायचा छोटा थर्मामीटर घ्या, शंकाच मिटते. दर पाच मिनिटांनी दार उघडून डोकावू नका, प्रत्येक वेळी गरम हवा निघून जाते. ओटीजी मोठ्या पॉवर सॉकेटलाच लावा, मिक्सरच्या एक्स्टेन्शनला नाही. आणि धूर झाला तर घाबरू नका, बहुतेक वेळा चरबी खालच्या रॉडवर थेंब-थेंब गळत असते, जाळीखाली ट्रे ठेवा.

ओव्हन नसेल तर जाड बुडाची लोखंडी कढई. स्किन खाली करून मध्यम आचेवर न हलवता ८-१० मिनिटं, उलटून झाकण ठेवून १५-२० मिनिटं मंद, झाकण काढून पाणी आटवा आणि मग द्राक्षं टाकून पाच-सात मिनिटं. द्राक्षं कढईत फार वेळ ठेवू नका, लोखंडाला आंबट सोसत नाही, चव धातूची लागते. उघड्या ॲल्युमिनियमच्या ट्रेमध्येही आंबट फळ आणि मीठ एकत्र आलं की हेच होतं, मध्ये बेकिंग पेपर घाला. साध्या मायक्रोवेव्हमध्ये मात्र हा पदार्थ होत नाही, कन्व्हेक्शन मोड असेल तरच.

झालं की नाही कसं ओळखायचं? मीट थर्मामीटर असेल तर सगळ्यात जाड भागात, हाडाला न टेकवता, ७४ अंश आलं की सुरक्षित. लेगला मी ८० च्या पुढं जाऊ देते, सांध्याजवळचं चिवट मऊ पडतं. थर्मामीटर नसेल तर सांध्याजवळ सुरी खुपसून बघा, रस नितळ पाहिजे आणि मांस हाडापासून सुटायला लागलेलं पाहिजे. कधी कधी हाडाजवळ लालसर-काळपट दिसतं आणि लोक परत अर्धा तास भाजतात. ब्रॉयलर कोवळा असतो, हाडातला मगज बाहेर झिरपून तो रंग येतो, तापमान झालेलं असेल तर काळजी नको.

रंग आला नाही पण शिजलंय? ट्रेमधला रस वाटीत ओतून घ्या, चिकन कोरड्या ट्रेवर वरच्या रॉडजवळ पाच मिनिटं, समोर उभं राहून. वरून काळं आणि आतून कच्चं? आच १७० वर आणा, ट्रे खालच्या खाचेत, वर फॉइल सैल टाका, इथे फॉइलचं खरं काम आहे.

बाहेर काढल्यावर दहा मिनिटं हात लावू नका, लगेच कापलं तर रस ताटात जातो. घट्ट झाकायचं पण नाही, स्किन मऊ पडते. तेवढ्यात ट्रेमधला रस बघा, "रस्सा कुठंय" विचारणारं कुणीतरी घरात असतंच. स्टीलचा ट्रे असेल तर थेट मंद गॅसवर ठेवून दोन-तीन चमचे गरम पाणी घाला, खाली चिकटलेलं खरवडा, लिंबू पिळा. काचेचं भांडं मात्र गॅसवर नको, आणि गरम असताना त्यात गार पाणी तर मुळीच नको, तडकतं. नाशिकला राहतो म्हणून सुरुवातीलाच वाईन ओतायची असं नाही, तेही ओलंच आहे, घालायची तर या रसात दोन चमचे आणि उकळी येऊ द्या. पावाबरोबर किंवा बाजरीच्या भाकरीबरोबर.

उरलं तर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, दुसऱ्या दिवशी हाडं काढून मांस तव्यावर चांगलं वाफ येईपर्यंत गरम करा आणि कांदा-द्राक्षांसकट पोळीत गुंडाळा. ट्रेला चिकटलेली काळी साखर घासत बसू नका, गरम पाणी आणि चमचाभर सोडा घालून तासभर ठेवा, आपोआप सुटते.