महागडे इन-इअर पारखताना होणाऱ्या या चुका टाळा

इन-इअर (कर्णनलिकेत बसणारा इअरफोन) कानात घातला, दोन गाणी ऐकली आणि ‘यात बेसच नाही’ किंवा ‘ट्रेबल टोचतो’ म्हणून बाजूला ठेवला, असं झालं की दोष बहुतेक वेळा ड्रायव्हरचा (आतल्या आवाज काढणाऱ्या भागाचा) नसतो. सोबत आलेली मधल्या मापाची टिप (टोकावरची मऊ टोपी) कानात नीट बसलेली नसते किंवा व्हॉल्यूम चुकलेला असतो. या दोन गोष्टी जाग्यावर आणल्याशिवाय कुठल्याही इन-इअरबद्दल मत बनवायला घेऊ नये.

डब्यातली टिप तशीच वापरणं

इन-इअरचा बेस बंद कर्णनलिकेतल्या हवेच्या दाबावर उभा असतो. टिप आणि कातडीच्या मध्ये केसाएवढी फट राहिली तरी दाब तिथून निसटतो, आणि सगळ्यात आधी जातो तो खालचा भाग, म्हणजे २०० हर्ट्झच्या खालचं सगळं. वरचे सूर तसेच राहतात, त्यामुळे आवाज पातळ आणि चिरका वाटतो. तक्रार मात्र ट्रेबलबद्दल होते.

सील, म्हणजे टिप कानात हवाबंद बसली आहे का, हे तपासायला पाच मिनिटं पुरतात.

१. कानाची पाळी विरुद्ध हाताने वर आणि मागे ओढा म्हणजे नलिका सरळ होते. मग इन-इअर किंचित फिरवत आत घाला आणि पाळी सोडा.
२. व्हॉल्यूम कमी ठेवून ४० हर्ट्झचा साधा टोन लावा.
३. शेलवर (इन-इअरच्या बाहेरच्या कवचावर) बोटाने अगदी हलका दाब द्या. बेस एकदम वाढला तर सील अपुरं आहे. एक माप मोठी टिप घ्या किंवा तीच टिप थोडी आत बसवा.
४. जबडा उघडा, मिटा, डावी-उजवीकडे हलवा. जबड्याचा सांधा नलिकेला अगदी लागून असल्याने तिचा आकार बदलतो. तोंड उघडताच बेस गेला तर गाणं गुणगुणताना किंवा बोलतानाही तो जाणार.
५. आता तोच टोन मोनोमध्ये दोन्ही कानांना द्या आणि त्यानंतर १००० हर्ट्झचा द्या. हजारचा टोन डोक्याच्या बरोबर मध्यभागी, पण चाळीसचा उजवीकडे सरकलेला असेल तर डाव्या कानाचं सील गळतंय.

शेवटच्या पायरीवर पुष्कळ जण अडकतात. दोन्ही कान सारखे असतात असं आपण गृहीत धरतो; प्रत्यक्षात डाव्याला मोठी आणि उजव्याला मधली टिप लागणं अगदी सर्वसाधारण आहे. दोन्हीकडे एकच माप घालण्याचा हट्ट सोडा.

फोमची टिप वापरत असाल तर ती बोटांनी चिमटून बारीक करा, आत सरकवा आणि फुलेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवा. लगेच हात काढला तर ती फुगताना बाहेर सरकते. फोम वरचे सूर थोडे शोषतो, त्यामुळे झगमगीत (ट्रेबल जास्त असलेला) इन-इअर त्याच्यावर मवाळ वाटतो. मुळातच गडद (ट्रेबल कमी) असलेला इन-इअर मात्र फोमवर झाकोळतो. सिलिकॉनमध्ये रुंद तोंडाची टिप सहसा ट्रेबल मोकळा ठेवते, अरुंद तोंडाची आवरते. म्हणून तुलना करताना दोन इन-इअरना शक्यतो एकाच जातीची टिप लावा, नाहीतर टिप्सचीच तुलना व्हायची.

किती आत, याकडे दुर्लक्ष

टिपचं टोक आणि कानाचा पडदा यांच्यामधल्या हवेच्या नळीत अनुनाद तयार होतो. मोजमापाच्या कपलरमध्ये (कर्णनलिकेची नक्कल करणाऱ्या साधनात) इन-इअर ठरलेल्या खोलीवर बसवला की हे शिखर साधारण ८००० हर्ट्झला दिसतं. खऱ्या कानात नळी दोन-तीन मिलिमीटरने आखूड झाली तर तेच शिखर हजारभर हर्ट्झने वर सरकतं. एकाला ‘स’ आणि ‘श’ शिट्टीसारखे टोचतात आणि दुसऱ्याला त्याच इन-इअरमध्ये काही खुपत नाही, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असतं.

ट्रेबल टोचत असेल तर इक्वलायझरला हात लावण्याआधी टिप एक-दोन मिलिमीटर आत-बाहेर करून पाहा. तरीही टोचलं तर हळू आवाजात ५००० ते १०००० हर्ट्झचा सावकाश सरकणारा टोन ऐका आणि जिथे तो उसळी मारतो तिथली संख्या लिहून ठेवा. त्याच जागी अरुंद पट्ट्यात ३ डेसिबल कमी करा. सगळा ट्रेबल खाली ओढला तर झांजांची चमकही त्याच्याबरोबर जाते.

याच कारणामुळे कपलरवर मोजलेल्या आलेखावरून ८–१० हजार हर्ट्झच्या वरचा निवाडा करू नये. जुन्या ७११ जातीच्या कपलरवरचा आलेख आणि ब्रुएल अँड केअर कंपनीच्या ५१२८ या कृत्रिम डोक्यावरचा आलेख शेजारी ठेवून तुलना करणं तर निव्वळ फसवणूक आहे, कारण दोघांची कर्णनलिकाच वेगळी आहे.

व्हॉल्यूम न जुळवता तुलना

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. एक-दोन डेसिबलचा फरक ‘आवाज मोठा’ असा कानाला जाणवत नाही. तो ‘जास्त स्पष्ट’, ‘जास्त भरीव’ असा जाणवतो. शिवाय आवाज वाढला की कानाला बेस आणि ट्रेबल दोन्ही मधल्या सुरांपेक्षा अधिक भरलेले वाटतात. समान-प्रबलतेच्या आलेखांत (कोणता सूर किती जोरात वाजला की कानाला सारखाच मोठा वाटतो, ते दाखवणाऱ्या) हे १९३३ सालापासून मांडलेलं आहे. थोडक्यात, जो जोरात वाजतो तो जिंकतो.

डब्यावरच्या आकड्यांनी इथे फसायला होतं. एका डब्यावर १६ ओहम आणि प्रति मिलिवॅट ११० डेसिबल लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर प्रति व्होल्ट १२२ डेसिबल. दुसरा जोरात वाजेल असं वाटतं. पण पहिल्याचा हिशेब व्होल्टमध्ये केला तर तो १२८ येतो, म्हणजे तोच ६ डेसिबल मोठा. दोन्ही व्हॉल्यूमच्या एकाच आकड्यावर ठेवून ऐकलं तर पहिला बाजी मारणारच.

दोन इन-इअर जुळवायचे तर ५०० ते २००० हर्ट्झपुरता मर्यादित केलेला पिंक नॉइज (धबधब्यासारखा एकसंध खळखळाट) लावा आणि आलटून-पालटून तो दोन्हींत सारखा वाटेपर्यंत व्हॉल्यूम बदला. संगीतावर जुळवू नका. दोन डॅक (डिजिटल संकेतापासून आवाजाचा संकेत बनवणारं उपकरण) किंवा ॲम्पची (तो संकेत मोठा करणाऱ्या उपकरणाची) तुलना करायची असेल तर काम सोपं आहे: इन-इअर जोडलेला ठेवून २००–३०० हर्ट्झच्या टोनवर मल्टिमीटरने आउटपुटचे एसी व्होल्ट मोजा आणि फरक दोन टक्क्यांच्या आत आणा. साधे मल्टिमीटर फार वरच्या टोनवर नेमके राहत नाहीत, म्हणून टोन खालचा.

४.४ मिलिमीटरचा बॅलन्स्ड जॅक लावल्यावर ‘पडदा उघडला’, म्हणजे आवाज मोकळा झाला, असं जे म्हटलं जातं त्याचीही याच कसोटीवर परीक्षा घ्या. बॅलन्स्ड आउटपुट बऱ्याच उपकरणांत दुप्पट व्होल्ट देतं, म्हणजे जवळपास ६ डेसिबल जास्त. व्हॉल्यूम जुळवल्यावर पडद्याचं काय होतं ते बघा.

आणि हे सगळं हळू आवाजात. जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास अशी आहे. दर ३ डेसिबलमागे वेळ निम्मा होतो.

स्रोत चुकीचा असणं

अनेक बॅलन्स्ड आर्मेचर (एक प्रकारचे छोटे ड्रायव्हर) असलेल्या इन-इअरचा इम्पिडन्स, म्हणजे प्रवाहाला होणारा ओहममधला अडथळा, सगळ्या सुरांना सारखा नसतो. समजा तो बेसमध्ये ४० ओहम आणि ट्रेबलमध्ये एका जागी ५ ओहम आहे. १० ओहम आउटपुट इम्पिडन्सच्या ॲम्पवर बेस २ डेसिबलने उतरेल आणि ट्रेबलची ती जागा साडेनऊ डेसिबलने. म्हणजे निर्मात्याने बसवलेला समतोल साडेसात डेसिबलने तिरपा झाला. १ ओहमच्या डोंगलवर (फोनला लावायच्या छोट्या डॅक-ॲम्पवर) हाच तिरपेपणा दीड डेसिबलच्या आत राहतो. मोठा टेबलावरचा ॲम्प म्हणजे नक्कीच चांगला, हा समज इथे मोडतो. आउटपुट इम्पिडन्स इन-इअरच्या सर्वांत कमी इम्पिडन्सच्या आठव्या भागापेक्षा कमी असावा, एवढा नियम पुरतो.

गाणं थांबल्यावर ‘हिस्स’ असा बारीक आवाज येत असेल तर तो इन-इअरचा दोष नाही. संवेदनशील इन-इअर ॲम्पचा स्वतःचा गोंगाट ऐकवतो. ॲम्पचा गेन ‘लो’वर ठेवा.

तपासणीआधी फोनमधला इक्वलायझर आणि ‘सराउंड’ वगैरे परिणाम बंद आहेत ना, तेही बघा. हे विसरणारे थोडेथोडके नाहीत.

फक्त दाखवायची गाणी ऐकणं

उत्तम ध्वनिमुद्रित, मोकळ्या मांडणीची गाणी प्रत्येक इन-इअरवर छान वाजतात. परीक्षा होते ती गर्दीच्या ध्वनिमुद्रणांत: गायक, कोरस, ड्रम, गिटार सगळं एकदम. डबल बेसची किंवा तबल्याच्या डग्ग्याची घुमारदार थाप ऐका. थापेची सुरुवात, घुमारा आणि त्याचं विरणं वेगवेगळं कळलं पाहिजे. नुसता ‘धप्प’ आवाज आला तर वरचा बेस सुजलेला आहे. बोललेला मजकूरही ऐका. ओळखीचा माणूस सर्दी झाल्यासारखा बोलतोय असं वाटलं तर मधल्या सुरांत गडबड आहे.

रस्त्यावर किंवा गाडीत बेस पारखू नका. इंजिनाचा घरघराट खालचे सूरच गिळतो. स्वतःला सर्दी झाली असेल, कानात दडे बसल्यासारखं वाटत असेल तर तपासणी पुढे ढकला.

‘दोनशे तास वाजवल्यावर खुलतो’ या दाव्याबाबत आमचं मत कडक आहे. ड्रायव्हरमध्ये जो काही बदल होतो तो टिपच्या मापातल्या फरकापुढे नगण्य असतो. बदलतो तो आपला मेंदू, सवयीने. म्हणून पहिल्या दिवशीचं मत लिहून ठेवा, चार-पाच दिवसांनी पुन्हा ऐका आणि मग जुन्या इन-इअरकडे परत जाऊन दोन्हींत काय खटकतं ते नोंदवा.

पाच मिनिटांत आरामाचा निर्णय

कानाच्या कूर्चेचं (मऊ हाडाचं) दुखणं सावकाश येतं. सलग दीड-दोन तास घातल्याशिवाय इन-इअर आरामदायी आहे असं म्हणू नका. दुखलं तर नेमकं कुठे दुखतं, ते महत्त्वाचं. नलिकेच्या तोंडाशी दुखत असेल तर टिप मोठी किंवा नोझल (टिप बसते ती नळी) जाड; एक माप लहान पण लांब टिप घेऊन बघा. कानाच्या पसरट खोलगटीत एकाच बिंदूवर टोचत असेल तर शेलचा उंचवटा तिथे रुतलाय. टिप किंचित लांब घेऊन शेल जरा बाहेर आणा. तरीही रुतला तर तो आकार तुमच्या कानाचा नाही, आणि आवाज कितीही आवडला तरी तो सोडावा. कानाच्या वरच्या कडेला जाळ होत असेल तर केबलचा हुक घट्ट आहे. चष्मा लावत असाल तर तपासणीही चष्मा लावूनच करा. काडी आणि हुक एकाच जागेवर बसतात.

स्वतःचा आवाज घुमणं, पावलं आणि चावणं डोक्यात वाजणं हे बंद नलिकेचं लक्षण. खोल बसणाऱ्या टिपने ते कमी होतं, उथळ टिपने वाढतं. मात्र खोल घालताना दुखलं तर लगेच थांबा.

बिघाड समजून परत पाठवण्याआधी

एका बाजूचा आवाज हळूहळू उतरत गेला तर टॉर्चच्या उजेडात नोझलची जाळी बघा. मळाचा पिवळट थर दिसेल. नोझल खाली तोंड करून धरा आणि कोरड्या मऊ ब्रशने झटका. सुई घालू नका, द्रव टाकू नका; दोन्हींनी घाण आत ड्रायव्हरकडे जाते. जाळी बदलता येत असेल तर बदला. घामानंतर उतरलेला आवाज बहुधा बाष्पाचा असतो; सिलिका जेलच्या पुडीसोबत बंद डबीत रात्रभर ठेवा.

जाळी स्वच्छ असूनही फरक राहिला तर केबलची डावी-उजवी टोकं अदलाबदल करा. दोष दुसऱ्या कानाकडे गेला तर तो केबलचा किंवा स्रोताचा, तिथेच राहिला तर इन-इअरचा किंवा टिपचा. ०.७८ मिलिमीटरच्या टू-पिन जोडणीत एक टोक उलटं बसलं की फेज उलटते: बेस गायब होतो आणि गायक मध्यभागी न राहता डोक्याभोवती पसरतो. एमएमसीएक्स (गोल, फिरणारी) जोडणी फिरताना खरखरली तर संपर्क सैल झालाय.

घालताना ‘कट्’ असा कागदासारखा आवाज आला तर तो हवेच्या दाबाने वाकणाऱ्या ड्रायव्हरच्या पडद्याचा. सावकाश घाला, शेलवरचं बारीक छिद्र बोटाने झाकू नका. आवाज पुन्हा पूर्ववत येत असेल तर वॉरंटीची गरज नाही. येत नसेल तर नक्की आहे.