नवीन माती ओली, आतला गोळा कोरडा: फाल्गुनात कुंड्या बदलताना नेमकं काय करायचं

शिवरात्र झाली की थंडी शिव शिव म्हणत जाते असं म्हणतात, पण आपल्या नाशकात ती जाता जाताही दोन-चार पहाटे वळून येते, त्यामुळे मुंबईकडच्या कुणाच्या व्हिडिओत सांगितलं म्हणून जानेवारीतच कुंड्या उलट्या करायला घेऊ नका. माझा हिशोब सोपा आहे, फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा ते रंगपंचमी. तिकडे जुन्या नाशकात रहाडी, म्हणजे रंगपंचमीचे रंगाच्या पाण्याचे जुने हौद, उघडल्या, लोक रंगात उड्या मारून आले की माझ्या गच्चीवरच्या सगळ्या कुंड्या बदलून झालेल्या असतात. फारच उशीर झाला तर गुढीपाडवा ही शेवटची तारीख. त्यानंतर दुपारचं ऊन असं तापतं की मुळं कापलेलं झाड ते सोसू शकत नाही, मग ती कुंडी तशीच ठेवा आणि पावसाळ्यात बघा.

कटर, खुरपं, घमेलं हे सगळं तुमच्याकडे आहेच असं धरते. कटरला स्पिरिट लावून पुसून घ्या.

आधी वरची कामं, पटापट

मोगरा: एक तृतीयांश ते निम्मा छाटा, राहिलेली जुनी पानं काढून टाका. फुलं नव्या फुटीवरच येतात, त्यामुळे छाटताना हात आखडता घेऊ नका.

जास्वंद: फक्त शेंडे खुडा. पिठ्या ढेकूण (कापसासारखी पांढरी कीड) दिसला तर आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा, मग लिटरभर पाण्यात ५ मिली नीम तेल आणि थोडा लिक्विड सोप घालून संध्याकाळी फवारा, आठवड्याने परत. मुंग्यांची रांग दिसली तर तिचा बंदोबस्त पहिला करा कारण त्या किडीला त्याच सांभाळतात, एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर नेतात.

शेवंती: फुलं संपली की वरून कापा, बुडाशी आलेले मुनवे (नवे फुटवे) सावलीत जपून ठेवा, पावसाळ्यात तीच रोपं होतात.

तुळस: मंजिऱ्या काढा.

भेंडी, गवार, काकडी, दोडका आत्ताच थेट कुंडीत पेरा, भेंडीचं बी रात्रभर भिजवून.

गुलाब: मोठी छाटणी करू नका. सुकलेली फुलं दोन पानांसकट खाली कापायची, बस. आपल्याकडे चारी बाजूंना द्राक्षबागा, एप्रिलमध्ये बागायतदार खरड छाटणी करतात ते बघून लोक गुलाबही तेव्हाच बोडके करतात. अहो, ती वेल जमिनीत खोल रुजलेली असते, ती छाटणी पुढच्या वर्षीची काडी तयार व्हावी म्हणून असते, फळासाठीची छाटणी ऑक्टोबरमध्ये वेगळी होते. कुंडीतल्या गुलाबाचा त्याच्याशी काही संबंध नाही. त्याचीही मोठी छाटणी पाऊस संपल्यावरच. एप्रिलच्या उन्हात बोडका केलेला गुलाब वरून खाली काळा पडत जातो, माझ्या ओळखीतल्या तिघींचे गेलेत.

आता कुंडी बदलणं

हे काम सगळे दोन ओळीत सांगतात. झाड काढा, मोठ्या कुंडीत ठेवा, माती भरा, पाणी घाला. आणि मग पंधरा दिवसांनी तेच लोक विचारतात की रोज पाणी घालूनही झाड का वाळलं. मीही विचारलंय.

२०१७ ची गोष्ट. सिन्नरला माहेरी आईने लावलेला मोगरा होता, ती गेल्यावर मी तो कुंडीसकट इकडे आणला. आठ-नऊ वर्षं एकाच सिमेंटच्या कुंडीत, शेतातल्या काळ्या मातीत. मार्चच्या शेवटी मी तो काढला आणि मुळांना हात लावायचा नाही असं सगळे सांगतात म्हणून गोळा आहे तसाच उचलून मोठ्या कुंडीत ठेवला, भोवती छान भुसभुशीत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखताची माती भरली. सकाळ-संध्याकाळ पाणी. पाणी घातलं की लगेच खालच्या भोकातून यायचं, मला वाटायचं वा, निचरा मस्त आहे. चौथ्या दिवशी पानं मलूल. एका नर्सरीत विचारलं तर म्हणे पाणी जास्त होतंय, बंद करा. बंद केलं. दुसरीकडे सांगितलं बुरशी आहे, पावडर टाका. टाकली. बाराव्या दिवशी फांदी वाकवली तर कट्‌कन मोडली. मग कुंडी पालथी केली, बाहेरची नवीन माती छान ओलसर होती आणि मधला गोळा विटेसारखा कोरडा, खुरप्याने फोडला तर आतून अक्षरशः धूळ निघाली. सगळी मुळं त्या कोरड्या गोळ्यात होती. पाण्यात उभं असलेलं झाड तहानेनं मेलं. आईच्या हातचं होतं, दुसरं कुठून आणणार.

तेव्हापासून मी कुणालाही कुंडी बदलायची म्हटलं की आधी हेच सांगते. कारण समजून घ्या म्हणजे चूक होणार नाही. काळी माती सुकली की आकसते, शेतात उन्हाळ्यात भेगा पडतात तेच कुंडीतही होतं. गोळा आकसतो, कडक होतो आणि भोवतीची नवीन माती मोकळी असते. पाणी सोपा रस्ता धरतं, मोकळ्या मातीतून सरळ खाली आणि भोकातून बाहेर. आतल्या गोळ्याला थेंब मिळत नाही. आणि मुळांना नवीन मातीत शिरायला दोन-तीन आठवडे लागतात, तोपर्यंत ती त्या गोळ्यावरच जगत असतात. नर्सरीतून आणलेल्या रोपांचंही हेच, बाहेरून गाडीने येणारी बरीच रोपं चिकट मातीच्या घट्ट गोळ्यात असतात, नर्सरीवाले त्याला हुंडी म्हणतात आणि हुंडी फोडू नका असं बजावतात. गाडीत हलू नये म्हणून ती हुंडी ठीक आहे, कायमची तशीच ठेवायला नाही.

मग मी काय करते ते सांगते.

आदल्या दिवशी संध्याकाळी जुन्या कुंडीला थोडंसं पाणी, चिखल होईल इतकं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर किंवा चारनंतर काम, भर दुपारी मुळं उघडी करायची नाहीत. कुंडीच्या कडेने जुनी सुरी फिरवून घ्या, कुंडी आडवी करा, तळाला हाताने थापा, झाड बुडाशी धरून काढा. वरून खोड ओढून उपसू नका. मातीची कुंडी असेल आणि झाड सुटत नसेल तर कुंडी फोडा, दीडशे रुपयांच्या कुंडीसाठी झाड तोडण्यात अर्थ नाही.

आता गोळ्याच्या मधोमध खराट्याची जाड काडी घुसवा. जातच नाही किंवा कोरडी ठणठणीत बाहेर येते? मग पहिलं काम भिजवणं. टपात पाणी घेऊन गोळा त्यात ठेवा, वर बुडबुडे येतील, ते थांबेपर्यंत ठेवा. कधी दहा मिनिटं, कधी अर्धा तास. मग बाहेर काढून सावलीत निथळू द्या. ही पायरी सोडलीत तर पुढचं सगळं वाया, इतकं मी ठामपणे सांगते.

निथळल्यावर तळ बघा. मुळांची चटई दिसेल, गोल गोल फिरलेली. ती कटरने सरळ कापून टाका, गोळ्याच्या उंचीच्या चौथ्या भागापर्यंत गेली तरी मोगरा, जास्वंद, कढीपत्ता यांना चालतं. कडेने चार ठिकाणी वरून खाली उभी चीर द्या, बोटाच्या पेराएवढी खोल. मग काडीने किंवा जुन्या काट्याच्या चमच्याने बाहेरची इंचभर माती विंचरून मोकळी करा, म्हणजे मुळांची टोकं बाहेर लोंबतील. हीच टोकं नव्या मातीला धरतात आणि जुन्या-नव्या मातीतली भिंत जाते. पांढरी, पिवळसर मुळं निरोगी. काळी, बुळबुळीत, वास येणारी कापून टाका. इंग्रजी सी सारखी वळलेली जाड पांढरी अळी सापडली तर ती हुमणी, मुळं खाते, सगळ्या वेचून काढा. ती बहुतेक कच्च्या शेणखतातून येते, म्हणून शेणखत पूर्ण कुजलेलं, वास नसलेलं, हातात चहापत्तीसारखं लागणारंच घ्या.

हे सगळं सोनचाफ्याला करू नका. बोगनवेलीलाही नाही, तिची मुळं फार नाजूक, गोळा फुटला की रुसते. या दोघांना फक्त भिजवा आणि कडेची माती हलकीच खरवडा. आणि वर फांद्या छाटल्या नसतील तर मुळंही छाटू नका, खाली कमी केलं की वरही कमी करायचं, नाहीतर तेवढ्या पानांना पाणी पुरवणार कोण?

मातीचं प्रमाण हा लोकांचा आवडता वाद आहे. मी चार भाग लाल माती, तीन भाग शेणखत किंवा गांडूळखत, दोन भाग कोकोपीट, एक भाग जाड वाळू घेते आणि १२ इंची कुंडीला दोन मुठी निंबोळी पेंड. कोकोपीट दोनदा धुवून घ्या, त्यात खार असतो. जुनी काळी माती टाकून देऊ नका पण एक भागापेक्षा जास्त मिसळू नका.

तळाला विटांचे तुकडे, खडी, थर्माकोल असला थर भरू नका. निचरा वाढतो म्हणतात, उलट होतं. बारीक मातीतलं पाणी खडीच्या थराशी आलं की लगेच खाली उतरत नाही, वरच थांबतं, म्हणजे ओल मुळांच्या आणखी जवळ येते आणि कुंडीतली जागा कमी होते ती वेगळीच. भोकावर एक खापरी किंवा जाळीचा तुकडा, माती वाहू नये इतपत, पुरे.

कुंडी फक्त दोन इंचांनी मोठी घ्या. १० ची १२, १२ ची १४. एकदम १८ ची घेतली तर मुळं नसलेली भरमसाट माती ओली राहते आणि सडते. शिवाय गच्चीवर वजनाचा विचार करा, भरलेली १४ इंची कुंडीच सहज २०-२५ किलो होते, जिथे ठेवायची तिथेच भरा.

गोळा मधे ठेवून कडेने थोडी थोडी माती सोडत काडीने कोचत जा. दाबायचं नाही, कोचायचं, म्हणजे पोकळ्या राहत नाहीत. खोड आधी जेवढं मातीत होतं तेवढंच राहू द्या. वर दीड इंच जागा रिकामी ठेवा, पाणी थांबायला.

पहिलं पाणी

तीन वेळा घालायचं. झारीने सावकाश, आणि कडेला नाही, खोडाभोवती गोळ्यावर. पहिलं घाला, दहा मिनिटं थांबा. माती बसेल, खड्डा पडला तर भरा. दुसरं घाला, थांबा. तिसरं घाला आणि खालून पाणी येऊ द्या. पाणी घातल्या घातल्या काही सेकंदात धो धो खाली आलं तर खूश होऊ नका, ते कडेने पळालंय. अशा वेळी काडीने गोळ्यात पाच-सहा भोकं पाडा आणि परत सावकाश घाला, किंवा कुंडी लहान असेल तर सरळ टपात ठेवून खालून भिजवा.

पुढचे आठ-दहा दिवस कुंडी उजेडात पण उन्हात नाही. पाणी घालायचं का हे वरची माती बघून ठरवू नका, खराट्याची एक काडी गोळ्याच्या मधोमध खोचून ठेवा आणि रोज काढून बघा. ओलसर, गार, माती चिकटलेली निघाली तर थांबा, कोरडी निघाली तर खोडाजवळ पाणी. पानं दुपारी जरा मान टाकतात आणि संध्याकाळी उभी राहतात, ते चालतं. सकाळी सहा वाजताच मलूल असतील तर आधी काडी बघा. काडी कोरडी म्हणजे आत पाणी जात नाहीये. ओली असेल तर मुळांना अजून धक्का आहे, फक्त सावलीत ठेवा. दोन्हीची पानं सारखीच दिसतात, म्हणून नुसतं पानावरून सल्ला देणाऱ्याचं ऐकू नका.

खत तीन-चार आठवडे अजिबात नाही. डीएपीचे दाणे, एप्सम सॉल्ट, केळीच्या सालीचं पाणी, काहीच नाही. कापलेल्या मुळावर रासायनिक खत म्हणजे जखमेवर मीठ. नवीन पालवी दोन इंच झाली की मग सुरू करा.

पालवी दिसली की कुंडी आधी सकाळच्या उन्हात, मग हळूहळू पूर्ण उन्हात. मोगऱ्याला ऊन हवंच, सावलीत नुसती पानं येतात. मातीवर वाळलेला पालापाचोळा किंवा उसाचं पाचट दोन इंच पसरा, खोडाला चिकटवू नका. एप्रिल-मे मध्ये भाज्यांवर ५० टक्क्यांची शेडनेट. कुंडीखालच्या ताटल्यांत पाणी साठू देऊ नका, डास होतात. पाणी सकाळी लवकर. उन्हाळ्यात नाशिकला पाणी देणाऱ्या गंगापूर धरणाची पातळी खाली गेली की पाणीकपातीची चर्चा सुरू होतेच, त्यामुळे तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी मी वेगळ्या बादलीत ठेवते, मीठ नसलेलं कुठलंही चालतं.

मोगऱ्याला छाटणीनंतर साधारण दीड-दोन महिन्यांत कळ्या धरतात. यंदा चौदा कुंड्या बदलायच्या आहेत, पाच झाल्यात, उद्या कढीपत्ता काढणार, त्याचा गोळा आजच काडी घालून बघितला आणि काडी आत जाईना, तर तो रात्री टपात जाणार.