जुन्या कॅम्पर व्हॅनमध्ये दुसरी बॅटरी जोडताना

रात्रभर दिवे, पंप आणि फ्रिज चालवायचे आणि सकाळी किल्ली फिरवताच इंजिनही सुरू व्हावे, ही दोन्ही कामे एकाच बॅटरीकडून नीट होत नाहीत. स्टार्टरसाठी बनवलेल्या बॅटरीतील प्लेटा पातळ असतात. काही सेकंद शेकडो अँपिअर देणे तिला जमते, पण वरचेवर खोलवर उतरवल्यास ती लवकर निकामी होते. राहण्याच्या सोयींसाठी जाड प्लेटांची, सावकाश उतरणारी आणि पुन्हा चढणारी वेगळी बॅटरी लागते. या दोन्ही बॅटऱ्या इंजिन चालू असताना एकमेकींना जोडलेल्या आणि बंद असताना पूर्ण विलग असाव्यात. पुढचे सगळे काम या एका अटीभोवती फिरते.

साहित्य घेण्याआधी गाडीची मूळ विद्युतरचना तपासावी. फोक्सवॅगनच्या टाइप २ व्हॅनमध्ये १९६७ च्या मॉडेलपूर्वी ६ व्होल्टची रचना होती, आणि अनेक जुन्या ब्रिटिश गाड्यांमध्ये बॅटरीचे प्लस टोक बॉडीला जोडलेले असे. अशा गाडीचे आधी १२ व्होल्टमध्ये आणि मायनस अर्थमध्ये, म्हणजे मायनस टोक बॉडीला जोडलेल्या रचनेत, रूपांतर झाले आहे का, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण खालची सर्व मापे १२ व्होल्ट आणि मायनस अर्थ गृहीत धरून दिली आहेत.

किती क्षमतेची बॅटरी घ्यावी, हे अंदाजाने न ठरवता हिशेबाने ठरवावे. कॉम्प्रेसरचा लहान फ्रिज चालू असताना सुमारे ४ अँपिअर घेतो आणि साधारण हवामानात एक तृतीयांश वेळ चालतो असे धरले, तर दिवसाला ३२ अँपिअर-तास होतात. एलईडी दिवे, पाण्याचा पंप आणि फोन मिळून आणखी ८ धरावेत. शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याखाली उतरवली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते, म्हणून १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीतून ५० च वापरायचे असतात. या हिशेबाने तिच्यावर गाडी एक दिवस-रात्र निभावते, दोन नव्हे. वायू आणि विजेवर चालणारा शोषण पद्धतीचा फ्रिज १२ व्होल्टवर ८ ते १० अँपिअर सतत ओढतो. तो फक्त इंजिन चालू असतानाच १२ व्होल्टवर चालावा आणि त्याला स्वतंत्र रिले, म्हणजे विजेवर आपोआप उघड-मीट होणारा स्विच, द्यावा.

लिथियमच्या बॅटरीचा मोह होतो, पण या लेखातील साध्या रिलेने ती जोडू नये. तिचा अंतर्गत रोध इतका कमी असतो की ती अल्टरनेटरकडून (इंजिनावर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राकडून) त्याला झेपेल तेवढा सगळा प्रवाह बराच वेळ ओढत राहते आणि जुना अल्टरनेटर त्या तापाने जळतो. तिच्यासाठी प्रवाहावर मर्यादा घालणारा डीसी-टू-डीसी चार्जर हवा.

बॅटरी कोठे ठेवायची, हे बहुधा गाडीच सुचवते. टाइप २ च्या १९७९ नंतरच्या पिढीत मुख्य, म्हणजे स्टार्टरची, बॅटरी पुढील सीटखाली असते आणि चालकाच्या सीटखालीही तशीच जागा असते. तेथे दुसरी ठेवली तर दोन्हींमधली केबल अगदी आखूड राहते. त्याआधीच्या एअर-कूल्ड गाड्यांत बॅटरी मागे, इंजिनाच्या कप्प्यात असते, आणि तेथील उष्णता बॅटरीला मानवत नाही. जागा कोणतीही असो, बॅटरी पट्ट्याने किंवा क्लँपने घट्ट बांधलेली असावी आणि ओल्या आम्लाची असल्यास तिच्यातील हायड्रोजन नळीने गाडीबाहेर गेला पाहिजे. जेथे माणसे झोपतात त्या जागेत मी स्वतः फक्त सीलबंद एजीएम बॅटरी (जिच्यात आम्ल काचतंतूंच्या थरात शोषलेले असते) ठेवतो.

आता रिले. जुन्या गाडीसाठी सर्वांत सरळ मार्ग म्हणजे अल्टरनेटरच्या डी प्लस टोकावरून चालणारा रिले. डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा याच टोकाला जोडलेला असतो. फोक्सवॅगनमध्ये ही वायर निळी असते. किल्ली फिरवल्यावर, पण इंजिन सुरू होण्याआधी, या टोकावर एखाद-दोन व्होल्टच असतात, त्यामुळे रिले उघडाच राहतो. अल्टरनेटर चार्ज करू लागला की तेथे पूर्ण व्होल्टेज येते, दिवा विझतो आणि रिले मिटून दोन्ही बॅटऱ्या जोडतो. म्हणजे स्टार्टर फिरत असताना दुसऱ्या बॅटरीवर कधीच भार येत नाही. जोडणी अशी: रिलेचे ८६ क्रमांकाचे टोक डी प्लसला, ८५ बॉडीला, ३० मुख्य बॅटरीच्या प्लसला आणि ८७ दुसऱ्या बॅटरीच्या प्लसला. डी प्लसकडून येणाऱ्या बारीक वायरमध्येही १ ते ३ अँपिअरचा फ्यूज घालावा, कारण ती कोठे घासून बॉडीला टेकली तर अल्टरनेटरचे चार्जिंगच थांबते.

अल्टरनेटरऐवजी जुन्या पद्धतीचा डायनामो असलेल्या गाडीत मंद गतीवर प्रवाह फारसा तयार होत नाही आणि सिग्नलला थांबल्यावर रिले सुटतो. तो बिघाड नव्हे, पण वारंवार उघड-मीट झाल्याने संपर्क झिजतात. तेथे व्होल्टेजवर चालणारा रिले बरा पडतो. तो साधारण १३.३ व्होल्टला जोडतो, १२.८ च्या आसपास तोडतो आणि मध्ये थोडा वेळ थांबून निर्णय घेतो.

रिलेची क्षमता हा काटकसरीचा विषय नाही, हे मला अनुभवाने शिकावे लागले. माझ्या गाडीत आधीच्या मालकाने ३० अँपिअरचा साधा रिले बसवला होता. एकदा दुसरी बॅटरी पार उतरलेली असताना मी इंजिन सुरू केले; दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र दोन्ही बॅटऱ्या मेल्या होत्या. रिले सॉकेटमधून काढून हलवला तर आतून नेहमीचा टकटक आवाज आला नाही. झाकण उचकटले तेव्हा तांब्याच्या दोन्ही घुंड्या निळसर-काळ्या पडून एकमेकींना वितळून चिकटलेल्या होत्या, आणि नखाने ढकलूनही सुटत नव्हत्या. रात्रभर फ्रिजने स्टार्टरची बॅटरीही ओढली होती. तेव्हापासून मी ७० अँपिअरच्या खालचा रिले वापरत नाही.

केबलच्या जाडीचा हिशेब करून पाहावा. तांब्याच्या ६ चौरस मिलिमीटरच्या ५ मीटर केबलमधून ३० अँपिअर गेले तर सुमारे ०.४४ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. १६ चौरस मिलिमीटरच्या केबलमध्ये हाच आकडा ०.१६ होतो. अर्धा व्होल्ट किरकोळ वाटतो, पण १४.२ आणि १३.८ व्होल्टमध्ये भरलेली बॅटरी आणि दिवसभर प्रवास करूनही अर्धवट राहिलेली बॅटरी एवढा फरक पडू शकतो. मी १६ चौरस मिलिमीटर वापरतो. लग, म्हणजे केबलच्या टोकावरच्या धातूच्या कड्या, हायड्रॉलिक दाबयंत्राने दाबून बसवावेत. केवळ झाळलेला जोड तापला की सुटण्याची भीती असते आणि झाळलेल्या टोकापाशी केबल ताठ होऊन थरथरीने तुटते.

फ्यूज बॅटरीच्या रक्षणासाठी नसून केबलच्या रक्षणासाठी असतो. बॅटरी दोन्ही टोकांना असल्याने केबल मधोमध कोठेही बॉडीला टेकली तर प्रवाह दोन्ही बाजूंनी धावतो, म्हणून प्रत्येक बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात एक, असे दोन फ्यूज हवेतच. वर दिलेल्या केबलला आणि रिलेला ६० अँपिअरचा फ्यूज योग्य आहे. पत्र्यातून केबल नेताना भोकात रबरी ग्रोमेट बसवावा आणि केबल पेट्रोलच्या नळीला बांधून नेऊ नये. रिलेच्या संपर्कात ठिणगी पडतेच, त्यामुळे तो कार्ब्युरेटर असलेल्या कप्प्यात बसवणे मला धोक्याचे वाटते. सीटखाली, बॅटरीशेजारी त्याची जागा योग्य.

अर्थकडे फार लोक दुर्लक्ष करतात. दुसऱ्या बॅटरीचे मायनस टोक प्लसइतक्याच जाड केबलने बॉडीला जोडावे. जोडायच्या जागेचा रंग रुपयाएवढ्या वर्तुळात खरवडून पत्रा चकचकीत करावा, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळावा आणि वरून पेट्रोलियम जेली लावावी. इंजिन रबरावर बसलेले असते, म्हणून गिअरबॉक्सपासून बॉडीकडे जाणारी जुनी विणलेली पट्टीही याच वेळी बदलून टाकावी.

कामाला लागताना अंगठी आणि घड्याळ काढून ठेवावे आणि मुख्य बॅटरीचे मायनस टोक सर्वांत आधी सोडवावे. उलट क्रमाने गेल्यास प्लसवर असलेला पाना बॉडीला टेकतो आणि ज्वाला उठते. सगळ्या केबली बसवून होईपर्यंत फ्यूज बाहेरच ठेवावेत. प्लस, मग मायनस आणि अखेरीस फ्यूज, हा परतीचा क्रम आहे.

पहिल्यांदा इंजिन सुरू करण्यापूर्वी मल्टिमीटरने दोन्ही बॅटऱ्यांचे व्होल्टेज लिहून घ्यावे. विश्रांती घेतलेली भरलेली बॅटरी १२.७ च्या आसपास आणि निम्मी १२.२ च्या आसपास दाखवते. इंजिन चालू झाल्यावर दोन्हींवर १३.८ ते १४.४ दिसावे आणि त्यांच्यातला फरक ०.२ व्होल्टच्या आत असावा. फरक जास्त असेल तर दहा मिनिटांनी प्रत्येक जोडावर बोट ठेवून पाहावे. जो लग गरम लागतो तोच दोषी. मग इंजिन बंद करून राहण्याच्या जागेतले दिवे लावावेत आणि मुख्य बॅटरीवर मीटर धरावा. तिचा आकडा दिव्यांसोबत खाली येऊ लागला तर रिले सुटलेला नाही. हीच तपासणी लांबच्या प्रवासाआधी दर वेळी करावी, कारण चिकटलेला रिले बाहेरून ओळखू येत नाही.